हातच्या एक्कावन्न भाकरी

गेल्या वर्षी सप्त्यात आपल्या भाकरी गाईंपुढं पडल्या, हे सुकन्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावात अशा गोष्टी कुणी तोंडावर सांगत नाही. ज्याची त्याला आपोआप कळली की बाकीचे सुटकेचा श्वास टाकतात. काल्याच्या दिवशी पंगती उठल्यावर ती आपलं फडकं शोधत मंडपामागं गेली. हिरव्या लुगड्याचं फडकं, कोपऱ्याला लाल दोरा घातलेलं. ते सप्त्याचा कारभार बघणाऱ्या काकासाहेबांच्या गोठ्याच्या खुंटीवर सापडलं. खाली गव्हाणीत भाकरी होत्या, एकीचाही तुकडा न मोडलेल्या. एक जर्सी गाय सावकाश एकेक उचलून चघळत होती. कड पातळ, मधोमध तीन बोटांचा हलका ठसा. आपली भाकरी कुठल्या बाईला ओळखू येत नाही?

सुकन्यानं फडकं झटकलं, घडी घातली आणि घरी आली. सासूला, भागूबाईला, ती एवढंच म्हणाली, "फडकं घावलं." बाकीचं सांगायला तिला चार दिवस लागले.

या गावचा दत्तजयंतीचा सप्ता म्हणजे काल्याला हजार-दीड हजार पान उठतं. आमटी देवळापुढच्या कढयांत शिजते, पण भाकरी घरोघरच्या. उंबऱ्याला एक्कावन्न. सकाळी ट्रॅक्टर गल्लीगल्लीतून फिरतो, बाया फडक्यात बांधलेल्या भाकरी ट्रॉलीत देतात आणि मंडपात पांढऱ्या धोतरांवर त्यांचा ढीग लागतो. ढिगात गेली की भाकरी गावाची होते, कुणाची कुठली राहत नाही. ढिगात जाऊच दिली नाही तर मात्र ती जन्मभर त्याच बाईची राहते.

आणि सगळं त्या हातांपायी.

सुरुवात तीन वर्षांपूर्वीची. नगरच्या बाजूला फुलांचा पट्टा आहे, त्यात यांची पाऊण एकर पिवळी शेवंती. दिवाळी संपली की थंडीबरोबर तोडा वाढतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना तर फूल पुरत नाही. सुकन्या तोड्यात पटाईत. अंगठा आणि पहिलं बोट देठाशी नेलं की फूल पाटीत. त्याच दोन बोटांच्या पेरांना आधी संध्याकाळची खाज सुटली. मग बेचक्यांत साबुदाण्याएवढे पाण्याचे फोड आले. ते फुटले, वाळले, कातडं सोलवटलं, पुन्हा आले. दुसऱ्या हिवाळ्यात तळहाताचं कातडं जाड होऊन भेगाळलं. मूठ मिटली की रक्त यायचं, पीठ मळताना मिठाचं पाणी भेगेत शिरलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. बांधावरचं गाजर गवत उपटलं की पापण्याही सुजायच्या. उन्हाळ्यात जरा बरं, थंडी आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गाव आधी इसब म्हणालं, मग गजकर्ण. मग गावानं नाव घ्यायचंच बंद केलं, आणि ते सगळ्यांत वाईट. दुकानदार पैसे हातात न देता बरणीच्या झाकणावर ठेवू लागला. हळदी-कुंकवाला बाया लांबूनच बोट टेकवू लागल्या. सुकन्यानं मग हात धुण्याचा ध्यास घेतला. भांड्याच्या साबणानं, निरम्यानं, डेटॉल घातलेल्या कढत पाण्यानं, नारळाच्या काथ्यानं घासून घासून दिवसातून वीसवीसदा. लोकांना घाण वाटते तर ती राहूच नये. हात पांढरेफटक पडायचे आणि उद्या दोन भेगा जास्त.

मेडिकलमधल्या मलमाचंही करून झालं. चार दिवस कातडं मऊ, पाचव्या दिवशी दुप्पट खाज. भागूबाईचा विश्वास एकाच औषधावर होता, दगडी पाला. बांधावर, वाटेवर, कुठंही उगवणारी ती पिवळ्या बारक्या फुलांची वेल. विळा लागो, काटा लागो, पाला तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेत पिळायचा. भागूबाईच्या सासूनं तिला शिकवलं, तिनं सुनेला.

यंदाच्या कार्तिकात असंच बांधावर बसून सासू सुनेच्या भेगांत रस पिळत होती.

"हालू नको. चुरचुरलं म्हंजी लागू पडतंय."

"तीन वरसं लागू पडतंय, आत्याबाई."

"मंग काय त्या टूबीनं बरं झालं का?" भागूबाईनं आणखी एक पाला मुठीत चुरगाळला. तिच्या बोटांचे सांधे गाठाळले होते, हातात तांब्याही धड राहत नव्हता, पण सुनेचा हात मात्र ती घट्ट धरायची.

सुकन्या शेवंतीकडं बघत म्हणाली, "यंदा माझ्या भाकरी पंगतीत गेल्या पायजेत."

"म्या थापते की. म्हातारीच्या हातच्या म्हनल्यावर कोन नको म्हनंल?"

"तुमच्यानं पाच थापनं होत न्हाई."

"थापते म्हनायचं गं नुसतं."

"न्हाई." सुकन्यानं हात सोडवून घेतला. "माझ्या हातच्या म्हनूनच गेल्या पायजेत. न्हाईतर मी जन्मात पुन्हा सप्त्याचा तवा ठेवनार न्हाई."

हातातला चुरगाळलेला पाला भागूबाईनं बांधावर टाकला. ही सून बोलते थोडं, पण एकदा बोलली की नांगराचा फाळ खडकात अडकावा तशी अडकते, हे तिला वीस वर्षांत पुरतं कळलं होतं.

*

नगरला कातडीच्या डॉक्टरांकडं अंगदनं तिला मोटरसायकलवर नेलं. अंगद तिचा नवरा, माणूस वाईट नाही. पण तोड्याचा एक दिवस मोडला की त्याचं तोंड तीन दिवस आंबलेलं असतं. डॉक्टर यामिनी म्हणून तरणी बाई होती. तिनं हातमोजा न घालता सुकन्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे केले, भेगांवरून बोट फिरवलं. सुकन्याला आपोआप हात मागं ओढावासा वाटला. घरच्या माणसांखेरीज कुणी तिच्या हाताला असा हात लावून दोन वर्षं झाली होती.

"तुम्ही धरलात तर चालंल का?" तिनं विचारलं.

"का नाही चालणार? हा धरल्यानं पसरतच नाही." डॉक्टर हसली नाही, साधेपणानं म्हणाली. "जुना इसब आहे हा. काम काय करता? घरी हाताला काय काय लावता? सगळं सांगा."

सुकन्यानं सांगितलं. डॉक्टरनं तिच्या पाठीवर बारीक बारीक औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही, ओझं नाही. पुन्हा येताना शेतातलं आणि घरातलं जे जे हाताला लागतं ते पिशवीत घेऊन या म्हणाली. ऐन तोड्यात घाम नको हे ऐकून अंगदनं पायऱ्यांवरच कपाळाला हात लावला. तरी दोन दिवस त्यानं एकट्यानं पाट्या उचलल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं पट्ट्या काढल्या. पाठीवर तीन जागी कातडं लालभडक उठून आलं होतं. पिशवीतली शेवंतीची फांदी, गाजर गवत आणि दगडी पाला तिनं टेबलावर ओळीनं मांडला.

"ही शेवंती, हे गाजर गवत. तुमचं कातडं यांच्या रसाला चिडतं. पहिल्या दिवशी नाही, वर्षानुवर्षं लागून लागून. आणि एकदा चिडलं की जन्मभर लक्षात ठेवतं." मग तिनं दगडी पाल्याची वेल उचलली. "ही पण याच कुळातली. हिचं फूल बघा, शेवंतीचंच धाकटं भावंड."

"ते तर औषध हाय," सुकन्या म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला असेल. तुम्हाला नाही. भेगेत पिळलात म्हणजे दुखण्याला आत घरात घेतलंत. आणि ते धुणं बंद करा. साबण, सोडा, कढत पाणी यानं कातड्यातलं तेल निघून जातं, मग सगळंच आत शिरतं. हातांत घाण नाही तुमच्या."

ते शेवटचं वाक्य ऐकून सुकन्याला रडू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. अंगद भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला.

"बरं हुईल का?" पदर बाजूला करून तिनं विचारलं.

"शेवंती सोडलीत तर भेगा पाच-सहा आठवड्यांत मिटतील. पण वरून मिटलं म्हणजे आतून बरं झालं असं नाही. पुन्हा हात घातलात की आठ दिवसांत परत. मलम लावा, वर खोबरेल लावा, भांड्यांना हे पातळ हातमोजे घाला."

पाच-सहा आठवडे. दत्तजयंती बरोबर सहाव्या आठवड्यात होती. सुकन्यानं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "बाई, एक कागद लिहून द्याल? ह्ये कुनाला लागत न्हाई म्हनून."

डॉक्टरनं शिक्का मारून दिला.

*

घरी आल्यावर भागूबाईनं सगळं ऐकून घेतलं. दगडी पाल्याचं ऐकलं तेव्हा तिनं आपलेच तळहात उलटून बघितले.

"म्हंजी म्याच..."

"तुमाला काय ठावं, आत्याबाई."

"तीन वरसं धरून धरून पिळला गं." म्हातारी उठली. काठी न घेता बांधावर गेली आणि अंधार पडेस्तोवर वाकून वाकून दगडी पाला उपटत राहिली. औषध म्हणून तीन पिढ्यांनी जपलेली वेल तिनं मुळासकट वाटेवर फेकली. अंगदनं ओढून आणलं तेव्हा तिचे गुडघे मातीनं भरले होते. दगडी पाला असा उपटून संपत नाही, हे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सुकन्या तोड्याला गेली नाही.

"एक तोडा तर काढ," अंगद म्हणाला. "हातमोजे हायेत की."

तिनं घालून बघितले होते. मोज्यात देठ कळत नाही, फूल चुरगळतं, घामानं आतला हात भिजतो आणि तासाभरात खाज चढते. "न्हाई," ती म्हणाली.

"एक्कावन्न भाकरीपायी समदा माल झाडावर नासवायचा का?"

"व्हय."

अंगदनं हातातली पाटी खाली ठेवली. बायकोनं इतक्या वर्षांत एवढं सरळ 'व्हय' कधी म्हटलं नव्हतं. त्यानं शेजारच्या वस्तीवरून तोडणाऱ्या बाया आणल्या. त्या दुपारी येत, गप्पा मारत, देठ आखूड तोडत. मार्गशीर्षातल्या पहिल्याच गुरुवारी निम्मी फुलं उमलून तपकिरी झाली आणि टेम्पोवाल्यानं ती उचलली नाहीत. बाया बांधावर बसलेल्या सुकन्याकडं बघून हसायच्या, "मालकीनबाई, बसून ऱ्हा निवांत." बसून राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत सरीतली फुलं ओघळत होती आणि तिची बोटं मांडीवर आपोआप चिमटीत मिटत होती. फुलांच्या वाऱ्यालाही जायचं नाही म्हणून शेवटी ती बांधावरूनही उठली. घरात बसून तूर निवडू लागली.

भेगा मात्र मिटल्या. आधी तळहाताच्या, मग बोटांच्या. पाचव्या आठवड्यात अंगठ्याची ती जुनी, हाडापर्यंत गेलेली चीरही मिटली. एका सकाळी तिनं मूठ आवळली आणि काहीच दुखलं नाही. तिनं पुन्हा आवळली. मग अंगणात जाऊन भागूबाईला दाखवली, आणि दोघी उगाच हसत बसल्या.

*

काकासाहेब सप्ता कमिटीचे अध्यक्ष. बोलणं मधाळ, नाही म्हणायचं असलं की जास्तच. सुकन्या आणि भागूबाई कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर गेल्या. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"बरोबर हाय. डाक्टरचं खोटं कसं आसंल?"

"मंग यंदा माझ्या भाकरी ढिगात जातील ना, काकासाहेब?"

"सुकन्या, कागद म्या वाचला, तू दावला. पर पंगतीतल्या दीड हजार मानसाला म्या कागद वाचून दावू का? एकानं हात मागं घेतला की समदी पंगत उठती. देवाचं काम हाय."

"देवाच्या पालखीला फुलं गेल्या साली माझ्याच हातची नेली की तुमी."

काकासाहेबांनी कागदाची घडी घातली. "फुलाचं निराळं. फूल कुनी खात न्हाई."

सुकन्यानं आपले दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. बाईमाणसानं परक्या पुरुषापुढं असे हात पसरणं बरं दिसत नाही, तरी तिनं केले. "बघा की. मिटलं समदं."

काकासाहेबांनी बघितलं नाही. दारातून आत कुणाला तरी चहा टाकायला सांगितला. "बघतो. तू कर भाकरी. गावाच्या कानावर घालतो, बघतो काय हुतंय ते." चहा घेऊन सुकन्या निघाली. भागूबाईला मात्र ते म्हणाले, "काकू, तुमी बसा वाईच. जुन्या मानसाशी बोलाय येळच घावत न्हाई."

सुकन्या वाटेवर लिंबाखाली उभी राहिली. भागूबाई आली तेव्हा मान खाली घालून चालत होती.

"काय म्हनले?"

"काय न्हाई. गुडघ्याचं इचारत हुते."

*

काल्याच्या पहाटे सुकन्यानं चूल पेटवली. गॅस होता, पण सप्त्याची भाकरी चुलीवरच. बाजरी आदल्या दिवशी ताजी दळून आणली होती. तिनं परातीत पीठ घेतलं, आधण ओतलं, उलथन्यानं हलवलं आणि मग हात घातला. पिठाची ऊब तळहाताला लागली. गेली तीन वर्षं पीठ म्हणजे नुसती आग होती. आज पीठ पिठासारखं लागत होतं. तिनं ते मनगटाच्या जोरानं रगडलं, गोळा घेतला, कोरड्या पिठावर टेकवला आणि थापायला लागली.

थाप थाप थाप. घरात दुसरा आवाज नव्हता. भाकरी परातीत गोल फिरत मोठी होत गेली, कड पातळ झाली. तिनं ती तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली, मग निखाऱ्यापुढं उभी केली. टम्म फुगली.

भागूबाई जाळ सारत बसली होती. "माजाच हात हाय गं तुला," ती म्हणाली.

"तुमीच शिकवला की."

खरंच होतं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सुकन्याची भाकरी कडेला फाटायची. भागूबाईनं तिचा हात आपल्या हातात धरून महिनाभर थापायला शिकवलं होतं. तेव्हापासून दोघींची भाकरी शेजारी ठेवली तर घरच्यालाही ओळखू येत नसे.

पंचवीस झाल्यावर सुकन्याचे खांदे भरून आले. चाळीसला उजव्या अंगठ्याला किंचित चुरचुरलं. तिनं अंगठा बघितला. कातडं ताणलं होतं, फाटलं नव्हतं. खोबरेल चोळून तिनं पुढं थापलं. एक्कावन्नावी भाकरी उतरली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं आणि घामानं तिचा पदर पाठीला चिकटला होता. हिरव्या फडक्यात तिनं भाकरी रचल्या, गाठ बांधली आणि दुरडीत ठेवल्या.

ट्रॅक्टरचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला.

"म्या देते," भागूबाई म्हणाली. "तू अंग धू. घामेजलीस."

"तुमाला दुरडी पेलंल?"

"अंगद धरतो की एका अंगानं."

सुकन्या न्हाणीत गेली. बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा, कुणीतरी काही विचारल्याचा आणि पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. पाण्याच्या आवाजात शब्द कळले नाहीत. ती पाणी घेत राहिली. यंदा साबण हाताला लावला नाही.

*

मंडपात माणसांचा पूर होता. कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या. पालखी शेवंतीनं मढलेली होती, यांच्याच रानातली, मजूरबायांनी आखूड देठानं तोडलेली. सुकन्या लांबच थांबली. तिथून तिला भाकरीचा ढीग दिसत होता आणि ढिगाच्या कडेला घडी घातलेलं हिरवं फडकंही. फडकं रिकामं होतं. म्हणजे यंदा भाकरी ढिगात गेल्या होत्या. ढिगापाशी भावकीतली रोहिणी बसली होती. गेल्या वर्षीही तीच बसली होती.

पंगती बसल्या. सुकन्या बायांच्या पंगतीत बसली. शेजारची बाई उठून गेली नाही. पुढ्यात पत्रावळ आली, आमटी आली, वर भाकरी आली. तेवढ्यात मंडपात माईक खरखरला. काकासाहेबांचा आवाज होता.

"मंडळी, एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. आपल्या गावची जुनी मानसं काय चीज हायेत बघा. भागूबाई काकू, वय वरसं अष्ट्याहत्तर. हाताला संधीवात. तरी ह्या माऊलीनं आज सोताच्या हातानं, कुनाची मदत न घेता, एक्कावन्न भाकरी थापून दिल्या. आजकालच्या पोरींनी शिकावं. काकूंचा सत्कार करू, जोरात टाळ्या झाल्या पायजेत."

टाळ्या झाल्या. दोन पोरींनी भागूबाईला धरून देव्हाऱ्यापाशी नेलं. काकासाहेबांनी तिच्या अंगावर शाल घातली आणि गळ्यात शेवंतीचा हार. त्या पिवळ्या ढिगात म्हातारीचं तोंड बारीक दिसत होतं. तिची नजर बायांच्या पंगतीत कुणाला तरी शोधत होती. सुकन्यानं मान खाली घातली.

सगळ्या पंगतीनं टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. न वाजवून कसं चालेल? सासूचा सत्कार आहे.

रोहिणी भाकरी वाढत पुढं आली. सुकन्यापुढं ती थांबली, तिचे हात बघितले, मग तिच्या तोंडाकडं बघितलं. भाकरी कुणाच्या ते तिला कळलं होतं. तिच्या ओठांवर काहीतरी आलंही, पण पलीकडची बाई म्हणाली, "म्हातारीचा हात ऱ्हायला बाई आजून. काय पातळ कड हाय." मग रोहिणीनं नुसती मान हलवली आणि पुढं गेली.

सुकन्यानं पुढ्यातली भाकरी उचलली. मधोमध तीन बोटांचा ठसा होता. यंदा त्या ठशात भेगांच्या आडव्या रेघा नव्हत्या, बोटं साफ उमटली होती. तिनं तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. चांगली झाली होती.

*

घरी येईपर्यंत भागूबाई दोन पावलं मागंच चालत होती. अंगणात आल्यावर भागूबाईनं गळ्यातला हार काढला. तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. सुनेच्या जवळ फूल न्यायचं नाही म्हणून ती हार हातात घेऊन दाराबाहेरच उभी राहिली.

"काकासाहेब म्हनले, काकू तुमच्या हातच्या म्हना, मंग कुनाचं काय म्हननं न्हाई. म्या ट्रॅक्टरवाल्याला येवढंच सांगितलं गं. माईकवर वरडतील ह्ये मला कुठं ठावं?"

"लिंबाखाली इचारलं तवा का न्हाई सांगितलं?"

"तू करूनच दिल्या नसत्या."

सुकन्या उंबऱ्यावर बसली.

"गेल्या तर खऱ्या पंगतीत," भागूबाई काकुळतीला येऊन म्हणाली. "मानसांनी खाल्ल्या. गाईपुढं न्हाई पडल्या."

"माझ्या न्हाई गेल्या, आत्याबाई. तुमच्या गेल्या."

"तुजं-माजं काय निराळं हाय का?"

सुकन्या म्हातारीकडं बघत राहिली. राग यावा असं त्या तोंडावर काही नव्हतं. दगडी पाला पिळताना जी माया होती, तीच आताही होती, तेवढीच. सुकन्याला वाटलं, शत्रूनं केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुढचा गुरुवार तोंडावर आलेला. अंगद मजूरबायांना आणायला मोटरसायकल काढत होता, तेवढ्यात त्याला सुकन्या पाटी घेऊन रानाकडं जाताना दिसली. बायकोचा विचार बदलण्याआधी त्यानं मोटरसायकल पुन्हा भिंतीला लावली, आणि ते करताना त्याला थोडी लाजही वाटली.

दहिवर अजून सुकलं नव्हतं. सुकन्यानं सरी धरली. अंगठा आणि पहिलं बोट देठाशी गेलं, फूल पाटीत. हात काही विसरला नव्हता. अर्धी सरी होईतोवर बोटांवर हिरवट चिकट रस चढला.

भागूबाई काठी टेकत बांधावर आली. तिच्या हातात ते पातळ हातमोजे होते.

"ह्ये ऱ्हायले तुजे."

"ऱ्हाऊ द्या."

"घाल गं. चिरतील पुन्हा हात."

"चिरू द्या की." सुकन्यानं मान वर केली नाही. "आता कशाला जपायचे? फुलाला चालतात. आन् पुढल्या साली भाकरी तुमच्याच हातच्या जायच्यात."

भागूबाईनं हातमोजे बांधावरच्या दगडाखाली ठेवले, काठी आडवी टाकली आणि शेजारच्या सरीत वाकून फुलं तोडायला लागली. तिच्या गाठाळ बोटांत देठ मोडत नव्हता. ती फूल धरून ओढायची आणि पाकळ्या हातात यायच्या. सुकन्यानं दोनदा तिकडं बघितलं. नको म्हणावंसं वाटलं, पण म्हणाली नाही. सरी पुष्कळ राहिली होती आणि टेम्पो दहा वाजता येणार होता.